मागच्या खोलीतील हवेची नोंद

विषय : गुंजी (ता. खानापूर) येथील राहत्या घराच्या पुढील व मागील खोलीच्या हवेत आढळून आलेल्या तफावतीबाबत.

संदर्भ : १) मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी. २) चिरंजिवांनी पाठवलेली दोन यंत्रे. ३) माझी नोंदवही, पाने एक ते चौसष्ट.

१

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, मी भीमसेन, वय वर्षे सहासष्ट, तहसील कचेरीतून एफडीए, म्हणजे प्रथम दर्जा सहायक, या पदावरून निवृत्त झालो. चौतीस वर्षं इतरांच्या अर्जांत उणिवा काढल्या. सरकारनं त्याबद्दल शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ चालत नाही.

पत्नी सुनयना, वय त्रेसष्ट, हिला सहा वर्षांपासून दमा आहे. निवृत्तीनंतर आम्ही बेळगाव सोडून मुलाकडे, अमरदीपकडे, मुंबईला राहायला गेलो. चौदावा मजला. खिडकीतून खाडी दिसते असं जाहिरातीत लिहिलं होतं, आणि पावसाळ्यात ती खरोखर दिसते. दिवाळी झाली की दिसेनाशी होते. एवढा समुद्र शेजारी, पण थंडीत त्या शहराला वारा मिळत नाही. समोर टोलेजंग बांधकाम, खाली खणलेला रस्ता, आणि मधे पिवळट तपकिरी काहीतरी साचलेलं असतं. वर्तमानपत्रं त्याला धुकं म्हणतात. त्या महिन्यांत सुनयना पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसून राहायची. एका वाक्याला तीन थांबे घ्यायची. "अहो... दूध... उतू." अडतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकं कमी कधीच बोलली नव्हती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : नोव्हेंबर ते मार्च शहराबाहेर ठेवा. म्हणून आम्ही गुंजीला आलो.

२

हे घर लाकूड कामगारांच्या एका सहकारी सोसायटीचं. डेपो कधीच बंद पडला. डेपोच्या कारकुनासाठी बांधलेलं घर उरलं. एक कारकून गेला, दुसरा आला, असं म्हणायला हरकत नाही. सोसायटीचे सचिव रवळूअण्णा यांनी पुढची खोली आणि स्वयंपाकघर आम्हाला दिलं. मागची खोली रिकामी होती. "कोन येस्तवर वापरा की सर, कोन इचारतंय," असं ते म्हणाले. दोन खोल्यांच्या मधे जांभ्या दगडाची दीड फूट जाडीची भिंत आहे, सरळ कौलांना भिडलेली. मागच्या खोलीचं दार बाजूच्या पडवीत उघडतं. आत एक खिडकी आणि एक लोखंडी कॉट.

हवेतली बारीक धूळ मोजणारी दोन यंत्रं अमरदीपनं पाठवली. त्याच्या मुंबईच्या घरात तसंच तिसरं आहे. त्याची सूचना अशी की एक आईच्या उशाशी ठेवावं, दुसरं बाहेर झाडाखाली. गुंजीतल्या वानरांची त्याला कल्पना नाही. पहिल्याच सकाळी एक हुप्प्या ते यंत्र घेऊन कौलांवर बसला आणि आकडा समजल्यासारखा गंभीरपणे बघत राहिला. असे अधिकारी मी कचेरीत पाहिले आहेत. पेरू दाखवून यंत्र सोडवलं आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं.

मग मी वही आखली. तारीख, पुढची खोली, मागची खोली, मुंबई, शेरा. वेळ रोज दुपारी दोन. मुंबईचा आकडा अमरदीप ऑफिसातून मोबाईलवर पाठवायचा. पहिले तीन आठवडे पुढे नऊ, मागे दहा, मुंबईत दीडशेच्या वर. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. तेवढ्यात सुनयना सुधारत चालली. डिसेंबर लागला तेव्हा ती स्टेशनच्या चढावरून भाजीची पिशवी घेऊन यायची, आणि येताना भाजीवालीची सगळी हकिगत एका दमात सांगायची.

डिसेंबरच्या नऊ तारखेला नोंद अशी : पुढे आठ. मागे एकशे चौसष्ट. मुंबई एकशे चौसष्ट.

३

यंत्र बिघडलं, हा पहिला शेरा. मी दोन्ही यंत्रांची अदलाबदल केली. पुढे आठ, मागे एकशे एकाहत्तर. अमरदीपचा निरोप आला : एकशे एकाहत्तर.

दुसरा शेरा : तिन्ही यंत्रं एकाच खात्यावर नोंदलेली, तेव्हा आकडे इंटरनेटवरून एकमेकांत मिसळत असतील. अमरदीप फोनवर हसला. "बाबा, आकडा यंत्र स्वतः मोजतं. मिसळायला ती काय डाळ-तांदळाची खिचडी आहे?" तरी मी इंटरनेट बंद केलं. मागचं यंत्र उचलून पडवीत आणलं. पाच मिनिटांत आकडा बारावर उतरला. पुन्हा आत ठेवलं. चढला.

तिसरा शेरा लिहिण्याआधी मी पांढरा रुमाल घेऊन मागच्या खोलीच्या खिडकीचा कठडा पुसला. गुंजीची धूळ लाल असते. पायांना, धुण्याला, कुत्र्यांच्या पोटाला, सगळ्यांना ती लालच लागते. रुमालावर आली ती करडी होती, सिमेंटसारखी, आणि बोटांत चोळली की किंचित तेलकट. मुंबईत रोज सकाळी बाल्कनीच्या कठड्यावरून मी हीच पुसत होतो.

रुमाल मी घडी घालून वहीत ठेवला. पुरावा जपायची सवय आहे. पण शेऱ्याचा रकाना रिकामाच ठेवला. आमच्या घरात माझ्या जन्माच्याही आधीपासून, छप्पन सालापासून, भुतं, भगत आणि अंगारे यांना प्रवेश नाही. वडिलांनी तिन्हींना एकदमच बाहेर काढलं होतं. नुसत्या आकड्यांच्या जोरावर त्यांना परत आत घेणं मला पटणारं नव्हतं.

४

राजाबाई सकाळी झाडलोट आणि भांड्यांना येते. जानेवारीत एकदा ती केरसुणी हातात घेऊन पडवीतच उभी राहिली.

"अण्णा, आक्का बऱ्या हाईत न्हवं?"

"उत्तम आहेत. का?"

"न्हाय, मागं पडल्यात म्हणून आत झाडलं न्हाय. लई धाप लागलीया त्यांस्नी."

"राजाबाई, आक्का बाजारला जाऊन तास झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग आत कोन हाय?"

"कोणी नाही."

"तुमी बघितलासा?"

मी उठलो, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि बाजूला झालो. कॉट, खिडकी, यंत्र. लाल आकड्यांत एकशे नव्वद. "या, बघा. आहे का कोणी?"

राजाबाई उंबऱ्यापाशी आली नाही. तिथूनच मान लांब करून तिनं बघितलं. "आता न्हाय. मगा कॉट वाजत हुती."

"म्हणजे रिकाम्या खोलीला दमा झाला म्हणायचा."

"व्हय की," ती म्हणाली. "हितं कुनाला हुता ह्यो रोग? तुमीच आणलासा मुंबैस्नं." आणि हसली, पण त्या दिवसापासून मागची खोली तिनं झाडली नाही. पगारातून कापा म्हणाली. राजाबाईनं असं म्हणणं ही माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत अनाकलनीय घटना होती.

पंधरा मिनिटांनी सुनयना चढ चढून आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी, कपाळावर घाम, आणि तोंडानं अखंड बोलणं चाललेलं.

५

फेब्रुवारीतली दुपार. जेवणं झाली होती. सुनयना चटईवर बसून तांदूळ निवडत होती आणि मी खुर्चीत पेपर वाचत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला.

तो मी सहा वर्षं ऐकला आहे. श्वास सुटताना आधी बारीक शीळ, मधेच तुटलेली, मग पुन्हा शीळ, आणि शेवटी बिजागरीची करकर व्हावी तसा एक तुकडा. बायकोचं अक्षर ओळखावं तसा मी तो ओळखतो. आवाजावरून माणूस ओळखण्याची मला तशी लहानपणापासून सवय आहे. माझी आई, तानीबाई, निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. हंगामात घरी येऊन ती भिंतीपलीकडे पडायची आणि मी इकडे अभ्यास करताना तिच्या खोकल्यावरून सांगायचो, झोप लागली की नाही. आवाज भिंतीपलीकडचा असला तरी माणूस पलीकडे असतोच, एवढं माझं त्या विषयातलं शिक्षण.

इथे माणूस माझ्यासमोर होता. तांदूळ निवडत होता.

वाऱ्याचा आवाज म्हणावा तर समोरच्या फणसाचं पान हलत नव्हतं. वटवाघळं म्हणावीत तर ती शीळ घालत नाहीत. मी पेपर खाली ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पलीकडचे श्वास मोजले. मिनिटाला सव्वीस. मुंबईत वाईट दिवसांत हिचे सव्वीसच भरायचे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तेही वहीत लिहीत असे.

मग मला समोरचे मोजण्याची बुद्धी झाली. छातीवरच्या पदराकडे बघत मी मिनिट धरलं. सुनयना गुणगुणत होती. माहेरचं जुनं, लांबलचक, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घरंगळत जाणारं गाणं. मिनिट संपलं. मी दुसरं धरलं. ती एकदाही श्वास घ्यायला थांबली नाही. पदर हलला नाही. तांदळातला खडा उचलून तिनं बाजूला टाकला आणि गाणं तसंच पुढे चालू राहिलं.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग पेपर सरळ धरा. उलटा झालाय."

पेपर उलटा नव्हता. ती चेष्टा करत होती, आणि इतकी मोकळी हसली की मलाही हसू आलं. भिंतीपलीकडची शीळ तेवढा वेळ थांबली, आणि मग खोकल्याची उबळ आली.

६

सर्वांत साधं स्पष्टीकरण सर्वांत शेवटी सुचतं. सुनयनाचा दमा बरा झालेला नाही. ती लपवते आहे. मला आणि मुलाला बरं वाटावं म्हणून आमच्यासमोर दम धरते, आणि मी नजरेआड झालो की मागच्या खोलीत जाऊन धापा टाकते. राजाबाईनं तिलाच पाहिलं असेल. बाजारची वेळ सांगण्यात माझी चूक झाली असेल. ही मांडणी मला आवडली. तीत माणसंच होती.

तपासणीला पंप घेतला. सुनयनाचा श्वासात ओढायचा पंप मागच्या खोलीच्या खिडकीत पडून होता. किती फवारे उरले त्याचा आकडा त्याच्यावर असतो. डिसेंबरात तिनं पंप सोडला तेव्हा वहीत माझी नोंद होती : एकशे चाळीस. आता एकशे दोन.

"पंप घेतेस का अधूनमधून?" मी विचारलं.

"मला कशाला लागतोय?"

"अडतीस फवारे कमी झालेत."

"मोजलेत?"

"वहीत आहे."

"तुमच्या वहीत मी जगते का मरते तेही असेल." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "चोरून पंप ओढायला मी काय कॉलेजातला पोरगा आहे?"

"अमरदीपला काळजी नको म्हणून—"

"अहो, मला बरं वाटतंय. सहा वर्षांनी. त्याचा तुम्हाला पुरावा पाहिजे. बरं नव्हतं तेव्हा कधी मागितला नाहीत तो."

मी दुसरा मुद्दा काढला. "आणि मागच्या खोलीत पाण्याचा तांब्या असतो तो?"

"तो मीच ठेवते."

"कुणाला?"

सुनयनानं भाकरी उलटली. "धाप लागली की घसा कोरडा पडतो," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना."

त्या दिवशी भाकरीची एक बाजू करपली. तिच्या हातून असं होत नाही.

७

पुढे घडलं त्याला माझी नोकरी जबाबदार आहे. चौतीस वर्षांत सोळा निवडणुका केल्या. मतदान संपलं की पेट्या ठेवलेल्या खोलीचं दार कसं बंद करायचं, ते मी झोपेतही करू शकतो. दाराच्या फटीवर कागदाची पट्टी, खिडकीवर पट्टी, कुलपाच्या भोकावर पट्टी; प्रत्येकीवर अर्धी कागदावर, अर्धी लाकडावर अशी सही आणि तारीख. कोणी दार उघडलं तर सही फाटते. अमुक माणूस आत गेला की नाही, यावर माणसाच्या बुद्धीला याहून चांगला उपाय अजून सापडलेला नाही.

मार्चचा दुसरा आठवडा. शेतांत पालापाचोळा जाळायला सुरुवात झाली होती आणि दुपारी घरं बंद ठेवावी लागत, तेव्हा निमित्तही होतं. मी कणकेची खळ शिजवली. मागच्या खोलीत कोणी नाही याची खात्री करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. खिडकीच्या चारी बाजू, दाराच्या फटी, उंबऱ्याखालची पोकळी, कुलपाचं भोक, सगळं चिकटवलं. सह्या केल्या. सुनयना पडवीत येऊन बघत होती.

"कोण उमेदवार उभा राहिलाय आत?"

"धूर जाऊ नये म्हणून."

"धूर बाहेर आहे. तुम्ही आतलं बंद करताय." तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. "नका ना करू."

"का?"

ती आत जाऊन पुढच्या खोलीत पडली. मी खुर्ची पडवीत, बंद दारासमोर टाकली. दोन वाजून दहा मिनिटं.

साधारण अर्ध्या तासानं भोकावरची पट्टी आत ओढली गेली. मग फुगून बाहेर आली. पुन्हा आत.

वारा, मी म्हटलं. दूर शेतातला धूर सरळ काडीसारखा वर चढत होता. मी मनगटावरच्या घड्याळावर मिनिट धरलं. पट्टी मिनिटाला सव्वीस वेळा आतबाहेर होत होती. थोड्या वेळानं तीस. मग चौतीस. माझी सही ताणली जात होती आणि सुरकुतत होती. मग पट्टी आत ओढली गेली ती तशीच राहिली, भोकाचा आकार कागदावर उमटेपर्यंत. लाकडावर आतून काहीतरी घासलं. थापा नव्हत्या, थापा मारण्याइतकी ताकद नसलेल्या माणसाचा तळहात दारावरून खाली घसरावा तसा आवाज.

मी सुनयनाला हाक मारली. उत्तर नाही. पुढच्या खोलीत धावलो.

ती पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, भिंतीकडे पाठ करून. तोंड उघडं होतं. ओठ निळे पडत होते. आणि काही आवाज नव्हता. शीळ नाही, धाप नाही, काही नाही. सहा वर्षांत तिला दम लागलेला मी बिनआवाजाचा कधी पाहिला नव्हता. तिनं एक हात कसाबसा उचलला आणि पाठीमागची भिंत दाखवली.

किल्ली सापडायला किती वेळ गेला ते मला माहीत नाही. वहीत ती नोंद नाही. सह्या मी स्वतःच्या नखांनी फाडल्या. दार उघडलं तसा आतला तपकिरी उजेड माझ्या अंगावर आला. खोलीत मुंबईची जानेवारीतली सकाळ भरलेली होती. कॉटच्या पलीकडची खिडकी दिसत नव्हती. कुठून तरी समोरच्या बांधकामावरच्या खांब ठोकण्याचा ठोका ऐकू येत होता, सावकाश, लांबून. कॉटच्या काठावर माझ्याकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर. मानेवर सैल सुटलेला पांढरा अंबाडा. दार उघडल्यावर दोन्ही खांदे एकदम वर गेले, आणि त्या श्वासाची शीळ अख्ख्या खोलीभर झाली.

पुढच्या खोलीतून सुनयनाची हाक आली, स्वच्छ, मोठ्यानं. "अहो! पाणी!"

मी तिकडे गेलो. कॉटवरच्या माणसाचं तोंड बघायला मी थांबलो नाही, हे इथे स्पष्ट नमूद करतो.

८

त्या दिवसापासून मागचं दार उघडं आहे. त्याला जांभ्याचा दगड लावून ठेवला आहे. खिडकीचे गज तेवढे ठेवून झडपा काढून टाकल्या. तांब्या आता मी भरतो. पंप संपला तेव्हा खानापूरहून नवा आणला आणि खिडकीत ठेवला. औषधवाल्यानं विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, घरातल्यासाठी.

एप्रिलमध्ये अमरदीपचा फोन आला. समुद्राचा वारा फिरला, आकडे उतरले, आईला घेऊन या. सुनयना नको म्हणत होती, पण मीच हट्ट केला. हवा बदलली की शंका बदलतील असं मला वाटलं. गाडी सुटून दहा मिनिटं झाली नसतील तोच तिचे हात गुडघ्यांवर गेले. आवाज नाही. खानापूरला उतरून रिक्षानं परत आणलं. घराच्या वळणावर तिनं मोठा श्वास घेतला आणि रिक्षावाल्याला भाडं जास्त सांगितल्याबद्दल झापलं. तेव्हा आता ती गुंजीतच राहणार, आणि मागचं दार उघडं राहणार, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला रवळूअण्णांचा निरोप आला. मागची खोली सोसायटीनं एका नव्या शिक्षकाला द्यायचं ठरवलं आहे, एक जूनपासून. मी सोसायटीच्या कचेरीत गेलो. ती खोली आम्हालाच द्यावी, नाहीतर कोणालाच देऊ नये, असा अर्ज सोबत होता.

रवळूअण्णांनी अर्ज दोनदा वाचला. "सर, कारन लिवलं न्हाईसा."

"कारण लिहायलाच हवं?"

"आता तुमास्नी मी सांगू? बिनकारनाची अर्जी तुमी घेतला असता?"

मी घेतली नसती. पेन काढून लिहिलं : कारण, हवा.

"गुंजीत हवेला काय तोटा आलाय, सर?" ते हसले. पण अर्ज ठेवून घेतला, पोच दिली. "नोडोणा," म्हणाले. कानडीत नोडोणा आणि मराठीत बघू. दोन्ही भाषांत चौतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो.

पुढच्या आठवड्यात मी बेळगावला पेन्शनच्या, नोव्हेंबरात राहून गेलेल्या हयातीच्या दाखल्यासाठी गेलो असताना रवळूअण्णा घराची पाहणी करून गेले. अहवालाची नक्कल मला टपालानं मिळाली. तीत लिहिलं आहे : "पुढील खोलीत अर्जदाराची पत्नी हजर. तिने चहा दिला. मागील खोलीत कॉटवर एक वयस्क स्त्री बसलेली आढळली. आजारी दिसते. नाव विचारता बोलली नाही. दार ओढून घेऊ लागलो असता हाताने खूण करून उघडे ठेवण्यास सांगितले. भाडेकरारात दोनच व्यक्तींची नोंद आहे. सदर तिसऱ्या व्यक्तीचे नाव व अर्जदाराशी नाते आठ दिवसांत कळवावे, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल."

मी सुनयनाला अहवाल वाचून दाखवला. ती म्हणाली, "खरं तेच लिहा."

मी रकाने भरले. नाव : सुनयना. नाते : पत्नी.

रवळूअण्णांनी उत्तर बघून चष्मा कपाळावर सरकवला. "सर, ह्या तर पुढल्या खोलीत हाईत. मी सोता त्यांच्या हातचा च्या पिलोय. एक मानूस दोन खोल्यांत कसं दाखवू?"

"दुसरं नाव नाही, रवळूअण्णा."

"मग मागं बसलेल्या त्या कोन?"

मी नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. नात्याच्या रकान्याभोवती लाल गोल करून त्यांनी कागद फाइलला लावला, आणि उत्तरात विसंगती असल्यामुळे संचालक मंडळासमोर ठेवावे असा शेरा मारला. मीही तोच मारला असता.

शिक्षक एक जूनला रुजू होणार आहेत. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी मागच्या खोलीला घट्ट बसणारं नवं दार आणि काचेची खिडकी मागितली आहे. सुतार माप घेऊन गेला. संचालक मंडळाची बैठक काल गणसंख्येअभावी तहकूब झाली. पुढची तारीख कळवलेली नाही. आज दुपारी दोनची नोंद : पुढे सात, मागे त्रेपन्न, मुंबई त्रेपन्न, श्वास मिनिटाला सव्वीस.

अर्ज प्रलंबित आहे.